तुझ्या गाडीला दुसरं इंजिन

आई, तुझ्या गाडीचं इंजिन गेलं. गाडी आहे, घाबरू नकोस. पोर्चमध्ये तू लावायचीस तिथेच उभी आहे, भिंतीला खेटून, फक्त बॉनेट उघडं आहे आणि आत भली मोठी मोकळी जागा आहे. त्या जागेत काय काय बसवायचं याचा मी पुरा बंदोबस्त केलाय, आणि असला झकास केलाय की तो तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. दुसरं सांगणार कुणाला? तुझ्या जावयाला गाडीतला हॉर्न सोडून काही कळत नाही. तुझ्या नातीला गिअरबॉक्स म्हटलं की ती मोबाइल काढते. राहिलीस तू. तू निदान मध्ये बोलणार नाहीस, आणि खरं सांगायचं तर जिवंतपणी तू मला असं सलग कधी बोलू दिलं नाहीस.

तू गेलीस तेव्हा ही नात माझ्या पोटातही नव्हती. तिनं तुला पाहिलं ते फोटोत, आणि ओळखलं ते तुझ्या गाडीवरून. बाबा होते तोवर भाजीला, दवाखान्याला, सगळीकडे हीच गाडी. बाबांच्या मागे ती ताडपत्रीखाली गेली. अधूनमधून मी चालू करून बघायची, आणि बिचारी दर वेळी चालू व्हायची. यंदा बाईसाहेबांना नोकरी लागली. म्हटलं, चल, तुला एखादी छोटी नवी गाडी बघू. तर म्हणते, "नको ना आई, मला आजीचीच पाहिजे. व्हिंटेज आहे ती!" मी कॉलेजात असताना नवीकोरी आलेली गाडी व्हिंटेज, मग मी कोण झाले गं? पण मनातून मला इतका आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी ताडपत्री काढून गाडी धुवायला घेतली.

काही दिवस तिनं ऐटीत चालवली. मग एका दुपारी नारायणगुड्याच्या चौकातून फोन आला. "आई, गाडीतून धूर येतोय. पण काळा नाहीये, पांढरा आहे, क्यूट आहे." म्हटलं, "अगं बये, आधी बंद कर!" तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. रेडिएटरच्या पाइपाची क्लिप गंजून तुटली होती, पाणी सगळं वाटेत सांडलं होतं, आणि इंजिन कोरडं तापत राहिलं होतं. गरम झाल्याचा काटा लाल रेषेला टेकला होता, तो तिला दिसला होता, पण तिला वाटलं जुन्या गाडीचा काटा असाच असतो. मी रागवायला तोंड उघडलं आणि बंद केलं. काटा कशासाठी असतो हे तिला सांगायचं राहून गेलं ते माझ्याकडूनच.

माझ्या कारखान्याजवळ, कुकटपल्लीत, एक मिस्त्री आहे. वयानं माझ्याएवढा, हात सोन्याचा, जीभ तिखट, मला हैदराबादी थाटात आपा, म्हणजे ताई म्हणतो. त्यानं घरी येऊन इंजिन उतरवलं, खोललं, टॉर्च आत फिरवला आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "आपा, ये तो गया. हेड भी गया, ब्लॉक में भी क्रॅक है. इसको नक्को पकाओ अब." म्हटलं, याच जातीचं दुसरं जुनं इंजिन बघ. तर म्हणे, "मिलता, पर इससे बुड्ढा मिलता." मग त्याचे डोळे चमकले. त्याच्या डोक्यात मोठं इंजिन होतं, चार सिलिंडरचं, मोठ्या गाडीतलं. "वो डालते आपा. गाडी उडती फिर." मी म्हटलं, "उडवायची नाहीये मियां, चालवायचीय." तो नाराज झाला. पण तूच सांग, मोठं इंजिन घातलं की पुढचा भाग जड होणार, म्हणजे स्प्रिंगा बदला, ब्रेक बदला, गिअरबॉक्स, रेडिएटर, सगळंच बदला. इंजिन बदलता बदलता गाडीच बदलायची वेळ येणार. आणि शेवटी सरकारी कागदावर ते बसणार नाही ते नाहीच. मग तुझ्या गाडीत तुझं काय राहणार, हॉर्न?

मी सुचवलं ते असं. याच कंपनीनं, याच मॉडेलमध्ये, पुढच्या काळात तेवढ्याच ताकदीचं दुसरं इंजिन दिलं होतं. कार्बोरेटर नाही, पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. वजन जवळपास तेच, जागा तीच, धूर कमी, सकाळी चोक ओढायची कटकट नाही. आठवतं ना, थंडीत तू चोक ओढून बसायचीस आणि बाबा दारातून म्हणायचे, "झालं का सुरू, की मी चालतच जाऊ?" ती कटकट संपली. मिस्त्रीनं मान डोलावली. "हौ, होता. पर सामान बहुत लगता आपा. लोगां इंजन लेके आते, फिर महिनाभर एक एक चीज के पीछे दौडते." म्हटलं, "ते लोगां वेगळे. मी सगळं आणून दिल्याशिवाय तू पान्याला हात लावायचा नाही." तो हसायला लागला. त्याला काय माहीत मी कुणाच्या हाताखाली शिकले ते.

स्वयंपाकघर आठवतंय मला. मी शाळेतच आहे अजून. बाबांच्या हपिसातले लोक जेवायला येणार आहेत आणि तू बगारे बैंगन करणार आहेस. ओट्यावर सगळं ओळीनं मांडून ठेवलंयस, शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, भाजलेला कांदा, कढीपत्ता, चिरा दिलेली वांगी मिठाच्या पाण्यात. मला वाटतं, झालं की सगळं, आपण जरा हात लावू, आई खूश होईल. मी गॅस पेटवते, कढई चढवते, तेल ओतते. तू मागून येतेस, ओट्यावरून एक नजर फिरवतेस, आणि गॅस बंद करतेस. मग विचारतेस, "चिंच कुठाय?" चिंच संपलेली. मी म्हणते, "शेजारून आणते की पळत." "आणि तोवर तेल काय करेल? तुझी वाट बघत बसेल?" मी कढई खाली उतरवते. "अर्ध्यातून उठावं लागेल असं काम सुरूच करायचं नाही. सगळं डोळ्यांसमोर असेल तेव्हाच काडी ओढायची. एक जिन्नस कमी असेल तर चूल बंद." एवढं सगळं त्या वाटीभर चिंचेसाठी! मला इतका राग आला होता की मी चिंच आणायला गेले ती मुद्दाम लांबच्या वाटेनं. पाहुणे उशिरा जेवले, बाबा आतून चिडले होते, आणि तू मात्र शांतपणे वाढत होतीस. वांगी मात्र अशी झाली होती की लोक बोटं चाटत राहिले.

आता ऐक. मी कारखान्यात जे काम करते ना, ज्याला तू शेवटपर्यंत "कसलंसं मशीनचं" म्हणत राहिलीस, ते हेच आहे. पंप बनवायची मोठी यंत्रं दुरुस्तीला थांबवायची, पण थांबवण्याआधी लागणारी प्रत्येक वस्तू टेबलावर आली पाहिजे, साध्या वॉशरसकट. नवीन पोरं येतात, शिकलेली, हुशार, आणि म्हणतात, "मॅडम, वॉशर काय, मिळून जाईल." मी म्हणते, "तोवर तेल काय करेल?" ती एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्यांना वाटतं बाई मशीनच्या तेलाबद्दल बोलतेय. मी कधी समजावून सांगत नाही. माझ्या खात्यात काम अडल्याचं कुणी सांगावं, हिंमत असेल तर.

तर समोरच्या खोलीत तुझी ती जांभळ्या काठाची सोलापुरी चादर अंथरली आणि त्यावर मांडायला सुरुवात केली. सगळ्यात आधी इंजिन, आणि त्याच्याच गाडीतला गिअरबॉक्स. ही जोडी फोडायची नाही, कारण एकाचे दाते दुसऱ्यात बसले नाहीत तर दोन्ही वाया. (इंजिन चादरीवर नाही हं, ते मिस्त्रीकडेच आहे, चादरीवर त्याच्या नावानं मी सुपारी ठेवलीय. तू पूजेत नाही का, नसलेल्या देवाच्या जागी सुपारी ठेवायचीस, तशी.) मग चाकांकडे जाणारे दोन दांडे, ते गिअरबॉक्सच्या मापाचे. इंजिनाखालचे रबराचे पाय, नवे, कारण जुनं रबर कडक झालं की आख्खी गाडी थरथरते. मग पेट्रोलची टाकी. इथे मिस्त्री म्हणाला, टाकी कायको, जुनीच ठेवू. मी म्हटलं, जुन्या टाकीत पंप नाही, कार्बोरेटरला थेंब थेंब पुरायचं, या नव्याला जोरात पाहिजे. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "लाओ फिर टाकी भी." पुढचा सायलेन्सरचा पाइप, त्यात धूर हुंगणारा एक छोटा सेन्सर बसतो. अॅक्सिलरेटरची केबल. वायरिंगचं आख्खं जाळं, एकही वायर न कापता काढलेलं. आणि तो कॉम्प्युटर, तुझ्या पोळ्यांच्या डब्याहून लहान.

कॉम्प्युटरची गंमत सांगते. भंगारवाल्याकडे गेलो, मी आणि मिस्त्री. इंजिन ज्या गाडीतून निघालं तिचाच कॉम्प्युटर त्यानं काढून दिला. मिस्त्री खूश, चला म्हणाला. मी म्हटलं, "चावी?" भंगारवाला म्हणतो, "चावी कैको आपा, नवी बनवून घ्या, कोपऱ्यावर बनती." म्हटलं, नाही मियां. या गाडीच्या चावीच्या डोक्यात एक चिप असते, आणि कॉम्प्युटर फक्त त्याच चावीला ओळखतो. दुसरी चावी लावली तर स्टार्टर फिरेल, इंजिन मात्र सुरू होणार नाही. मिस्त्रीनं जीभ चावली, त्याला माहीत होतं, पण आनंदात विसरला. मग भंगारवाल्यानं एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला, चाव्यांनी गच्च भरलेला, आणि आम्ही तिघं जमिनीवर बसून चावी शोधत राहिलो. मिळाली! चावीला कुणाचातरी छोटा लाल भोपळा अडकवलेला होता, प्लॅस्टिकचा. बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणतो, "आपा, तुमसे कौन जीतता?" मी म्हटलं, "एक होती." त्यानं गाडीचं दार उघडून धरलं.

जाता जाता त्यानं एकच गोष्ट दोनदा सांगितली. "बाकी सब पुराना चलता. पानी के पाइप और क्लिपां नए लाना. क्लिप ने ही तो मारा इसको." पाइप मी दुसऱ्याच दिवशी आणले.

आणि हे सगळं खोलायला-कसायला माझे पाने आहेत, तू दिलेले. इंजिनिअरिंगला मेकॅनिकल घेतलं तेव्हा घरात काय तमाशा झाला होता! बाबा म्हणाले, "पोरगी कारखान्यात जाऊन हात काळे करणार?" तू त्या दिवशी काहीच बोलली नाहीस, म्हणून मी तुझ्यावर जास्त रुसले. मग तू बेगम बाजारला वर्षाचं तिखट आणायला गेलीस. परत आलीस, पिशवी ओट्यावर उपडी केलीस, आणि मिरच्यांच्या पुड्यांमधून पान्यांचा आख्खा सेट निघाला, कापडी गुंडाळीत. "घे. हात काळे करायचेत तर नीट कर." झालं, एवढंच भाषण. किती दिवस त्या पान्यांना मिरचीचा खकाणा यायचा, वर्कशॉपमध्ये मी काढले की शेजारचा पोरगा शिंकायचा. ते पाने आजही चादरीच्या कडेला मांडलेत. मिस्त्रीचे स्वतःचे आहेत, पण काही नट मी कसणार आहे, त्याला सांगून ठेवलंय.

इथवर सगळं माझ्या हातातलं होतं. आता खरं ते सांगते.

इंजिन बदललं की सरकारला कळवावं लागतं, परवानगी घ्यावी लागते, आणि गाडीच्या कागदावर नव्या इंजिनाचा नंबर चढवावा लागतो. एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं असलं की फार त्रास नाही. मी कागद नीट लावून आरटीओत गेले. खिडकीतल्या बाई भल्या होत्या, कपाळाला मोठं कुंकू, तेलुगूतून विचारलं, "ओनर एवरु अम्मा?" मालक कोण? म्हटलं, "माझी आई." "मग त्यांची सही पाहिजे, त्यांना घेऊन या." म्हटलं, "ती नाही. कधीच गेली." बाई हळहळल्या, म्हणाल्या, मग आधी गाडी वारसाच्या नावावर करा, मृत्यूचा दाखला आणा, मग इंजिनाचं बघू. दाखला माझ्या फाइलमध्येच होता, मी लगेच पुढे केला. मी काय कमी कागद नेते होय! त्यांनी दाखला बघितला, गाडीचा कागद बघितला, पुन्हा दाखला बघितला, आणि हिंदीत म्हणाल्या, "अम्मा, ये तो अलग लेडी है."

मी हसलेच आधी. मग लक्षात आलं. तुझं लग्न झालं तेव्हा बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं तुझं नवं नाव लिहिलं. तेव्हापासून घराला, गल्लीला, रेशनकार्डाला, देवळातल्या पावतीला तू त्या नावाची झालीस. मृत्यूच्या दाखल्यावर तेच नाव आहे, मीच सांगितलं होतं ते लिहून घ्यायला. पण तुझी पदवी होती माहेरच्या नावावर, शाळेतली नोकरी माहेरच्या नावावर, पगार माहेरच्या नावावर, आणि गाडी घेतलीस ती पगारातून. तू गाडी आणलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. मी तुझ्याबरोबर आले होते. शोरूममधला टेबलामागचा माणूस म्हणाला, "मिस्टरांच्या नावावर करू ना मॅडम?" तू साडीचा पदर खोचलास, जसा वर्गात फळा पुसताना खोचायचीस, आणि म्हणालीस, "मिस्टरांच्या नावावर घर आहे. गॅस आहे. फोन आहे. ही माझी." आणि माहेरचं पूर्ण नाव, एक एक अक्षर सुटं, त्याला सांगितलंस. घरी येईपर्यंत तू गाणं गुणगुणत होतीस आणि गाडी सबंध वेळ दुसऱ्याच गिअरमध्ये होती. बाबा चांगले होते, आई. तुझ्यामागे त्यांनी ती गाडी इतकी वर्षं चालवली, जपली, कागद वेळच्या वेळी पुढे चालू ठेवले, पण नाव बदलायचा विषय निघाला की म्हणायचे, "राहू दे. तिची आहे." मी तेव्हा त्याला आळस समजत होते.

तर आता सरकारच्या हिशेबानं असं आहे. घरातली बाई गेली, तिचा दाखला आहे. गाडीची मालकीण मात्र गेलेली नाही. कुणी कळवलंच नाही त्यांना. तुझं ते नाव, तुझ्या आईवडिलांनी ठेवलेलं, तू फळ्यावर पहिल्या दिवशी लिहायचीस ते, या आख्ख्या शहरात आता एकाच जागी चालू आहे, त्या कागदावर. आणि मला काय करायचंय? नोटरीपुढे बसून लिहून द्यायचंय की या दोघी बाया एकच होत्या, आणि म्हणून हीसुद्धा वारली. पुरावा आहे माझ्याकडे, तुझ्या शाळेच्या पेन्शनच्या कागदावर दोन्ही नावं उर्फ लावून शेजारीशेजारी आहेत. मजकूर टाइप करून झालाय. फक्त सही राहिलीय. कारखान्यात लाखमोलाच्या यंत्रांवर मी डोळे मिटून सही करते आणि इथे पेन उचलवत नाही. रडू आलं मला, आई, आरटीओच्या पायऱ्यांवर, या वयात. शेजारी एक माणूस लायसनचे फोटो काढून देत होता, त्यानं मला खुर्ची दिली.

घरी आल्यावर नातीला सांगितलं. ती नेहमीसारखी उड्या मारत आली होती, "इंजिनचं झालं का?" करत. मी कागद तिच्या पुढ्यात ठेवला. इंग्रजी अक्षरं, त्यामुळे घडाघडा वाचलं. मग थांबली. "हे कोण?" म्हटलं, "तुझी आजी." "पण आजीचं नाव तर..." म्हटलं, ते लग्नातलं. हे तिचं. तिनं ते पुन्हा मोठ्यानं वाचलं, मग नुसतं पहिलं नाव, मग आडनावासकट. तू गेल्यापासून हे नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. "आई, सीरियसली, किती मस्त नाव आहे. मला का नाही ठेवलं?" मग मी तिला सांगितलं की गाडी माझ्या नावावर करायची नाही, सरळ तिच्या नावावर करायची, मी हक्क सोडल्याचं लिहून देईन. ती म्हणाली, "माझ्या? म्हणजे लीगली माझ्या?" आणि एकदम गंभीर झाली, जी ती कधी होत नाही. "मग लग्नबिग्न झालं तरी मी नाव बदलणार नाही हं. गाडीवर हेच राहणार." म्हटलं, "बदललंस तर मीच गाडी काढून घेईन." तुझी शपथ, मी हे ठरवून आले नव्हते, तिथेच सुचलं. पण सुचल्यावर वाटलं, बरोबर आहे. बाईच्या नावावरची गाडी बाईच्याच नावावर जाईल. तुझं इंजिन गेलं म्हणून गाडीला दुसरं बसवायचं, तुझं नाव गेलं म्हणून नातीचं चढवायचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग अडलंय काय?

काही अडलेलं नाही. चादरीवर सगळं मांडून झालंय. मिस्त्रीचा निरोप येऊन गेलाय, "आपा, इंजन धो के रखा हूं, कब लाते सामान?" नोटरी ओळखीचा आहे. नात रोज कामावर जाताना चादरीजवळ थांबते, लाल भोपळ्याची चावी बोटावर फिरवते आणि जाते. गाडी सुरू होणार, यात मला तिळभर शंका नाही. असला बंदोबस्त या हैदराबादेत दुसरं कुणी करून दाखवावं. हे तुला लिहिलेलं पाठवायचा प्रश्नच नाही, कुठे पाठवणार? टेबलावर पडून राहिलं तरी हरकत नाही, हिला मराठी वाचायचं म्हणजे एका ओळीला एक चहा लागतो. मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर वायरिंगचे रंग लिहून घेईन, कुठली वायर कुठे.

फक्त एक आहे. त्या क्लिपा. पाण्याच्या पाइपाच्या, मिस्त्रीनं दोनदा सांगितलेल्या. त्या तेवढ्या चादरीवर नाहीत. आपल्या गल्लीच्या तोंडाशी दुकान आहे, त्याच्या काउंटरवर बरणीत भरून ठेवलेल्या असतात, शेंगदाण्यासारख्या. पण एक जिन्नस कमी असेल तर चूल बंद, असं तूच सांगितलंयस, म्हणून काम सुरू झालेलं नाही, आणि काम सुरू नाही म्हणून सहीचीही घाई नाही. तुझाच नियम मी तुला धरून ठेवायला वापरतेय, बघ. काल संध्याकाळी मी त्या दुकानासमोरून चालत आले. दारातच नातीनं विचारलं, "आणल्यास क्लिपा?" मी चपला काढत म्हटलं, "दुकान बंद होतं गं."

दुकान उघडं होतं, आई.